मोटर कोमट होती

रविवारी सकाळी चष्मेवाले घरभर फिरून एकेका वस्तूवर उजवा तळवा टेकवत होते. आधी त्यांनी फ्रिजच्या दाराला हात लावला, डोळे मिटले आणि "गार" असा निकाल दिला. मग टीव्हीच्या पाठीला. "गार. म्हणजे रात्रीपासून बंद." मग चहाच्या पातेल्याला बाहेरून. "कोमट. हे नुकतंच उतरवलंय." बायको टेबलावर जुनी चादर घालून कपड्यांना इस्त्री करत होती. ती सगळं बघत होती, पण विचारत नव्हती. नवऱ्याच्या अंगात काही संचारलं की विचारायला जायचं नाही, ते आपोआप उतरतं, असा तिचा अनुभव होता.

या खेपेचं कारण होता मेहुणा. तो गोदीत कामाला होता आणि बोटींबद्दल कोणी काही विचारलं की त्याला चेव यायचा. "भावोजी," त्याने फोनवर बजावलं होतं, "जुनी मोटर बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा झाकणावर हात ठेवा. गार लागली तर पुढे बोला. कोमट लागली तर समजा, तुम्ही यायच्या आधी त्यानं ती गुपचूप चालू करून ठेवलीय. गार मोटर सुरू होताना किती रडते ते त्याला तुम्हाला दाखवायचं नसतं. तेव्हा हात तयार ठेवा."

म्हणून चष्मेवाले हात तयार करत होते. पातेल्यानंतर ते दिव्याकडे गेले, दिव्याकडून दाराच्या कडीकडे, आणि तिथून डोळे अर्धवट मिटलेल्या अवस्थेतच टेबलाकडे आले. बायकोने त्याच क्षणी इस्त्री उभी करून ठेवली होती. "अहो, ती..." एवढंच तिला म्हणता आलं.

पुढचा बराच वेळ नळाखाली हात धरण्यात, मलम शोधण्यात आणि ते कोणी कुठे ठेवलं यावर बोलण्यात गेला. शेवटी उजव्या तळव्याला पावाएवढं बँडेज बांधून चष्मेवाले खुर्चीत बसले. चेहरा अगदी पडला होता.

"फार दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"दुखण्याचं काही नाही. पण आता मोटरला हात कोण लावणार? ती सुरू करायची दोरी कोण ओढणार? डाव्या हाताला काही कळत नाही."

"मग राहू दे. पुढे कधी जाऊ."

"पुढे कधी म्हणजे कधीच नाही. आजच जायचं. हात तू लाव."

आता हे एवढं का, ते सांगायला हवं. चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानात त्यांचं जग म्हणजे तपासणीच्या खुर्चीपासून समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांपर्यंत. दिवसभर लोक त्या भिंतीकडे बघत अक्षरं वाचायचे आणि हे त्या लोकांकडे बघायचे. त्यापलीकडे दृष्टी जायची सोयच नव्हती. सुट्टीच्या दिवशी तलावाच्या काठाने फिरताना ते दुसऱ्यांच्या बोटी बघत उभे राहायचे, आणि बायकोने "चला ना" म्हटलं की निघायचे. आपली एक लहानशी बोट असावी, तिला मागे मोटर असावी आणि मधोमध जाऊन चारही बाजूंना लांबवर बघत बसावं, एवढीच इच्छा होती बिचाऱ्यांची. ती पुरी न होता आपण म्हातारे होणार, या विचाराने त्यांना अलीकडे झोप लागत नव्हती.

बायकोला बोट नको होती. ती वाचनालयात ग्रंथपाल होती आणि तिचं म्हणणं सरळ होतं. "मधेच उतरता येत नाही, अशा कशात मी बसत नाही." शेवटी तलावापलीकडे राहणाऱ्या एका छापखानेवाल्यांची बोट मोटरसकट विकायची आहे असं कळलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी शब्द दिला. "नुसती बघायला चल. बघून तू मनापासून नको म्हणालीस, तर मी जन्मात पुन्हा हा विषय काढणार नाही."

ती कबूल झाली. आणि घोडं अडलं ते इथेच, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

कारण या घरात "नको" या शब्दाला मनापासून असा अर्थच उरला नव्हता. लग्न झाल्यापासून दोघांनी प्रत्येक वस्तू एकाच पद्धतीने घेतली होती. चष्मेवाल्यांनी हरखून जायचं आणि बायकोने नाक मुरडायचं. "नको हो, लाकूड हलकं आहे." "नको, रंग उडेल." चष्मेवाल्यांनी डाव्या कानाची पाळी धरली की तिने तडक उठून चालू लागायचं. मग विकणारा घाबरून भाव उतरवायचा, चष्मेवाले चष्मा पुसायचे, आणि ती नाराज चेहऱ्याने परत यायची. सोफा, स्कूटर, शिलाई मशीन, अगदी राहतं घरसुद्धा असंच घेतलेलं. फक्त एका कपाटाच्या वेळी दुकानदार "बरं, नको तर नको" म्हणून आत निघून गेला होता आणि दोघांना बरेच दिवस खुर्च्यांवर कपडे ठेवावे लागले होते. एरवी पद्धत चोख. सगळ्याला खूण होती. फक्त खरंच नको असेल तर काय करायचं, याची खूण ठेवलेली नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती.

छापखानेवाले धक्क्यावर वाटच बघत होते. अंगाने भरलेले, हसरे, डोक्यावर उन्हाची टोपी. शेजारी त्यांची बायको, हात बांधून उभी. ती इस्पितळात नर्स होती आणि ओळख करून देताना छापखानेवाले स्वतःच "या आमच्या सिस्टर" म्हणाले, घरातसुद्धा तिला तसंच म्हणत असावेत. बोट धक्क्याला बांधलेली होती. मागे मोटर टांगलेली, चांगलीच वयस्कर, झाकणावरची अक्षरं पुसून गेलेली.

"बघा, अगदी निवांत बघा," छापखानेवाले म्हणाले. "लपवण्यासारखं काही नाही."

चष्मेवाल्यांनी बायकोला डोळ्याने खुणावलं. तिने धक्क्यावरून वाकून झाकणावर तळवा ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"ऊन लागलं असेल," छापखानेवाले म्हणाले.

चौघांनीही वर बघितलं. आकाश राखाडी होतं आणि उन्हाचा पत्ता नव्हता.

"मघाशी होतं," छापखानेवाले म्हणाले.

"नको हो ही," बायको म्हणाली. चष्मेवाल्यांना आतून गुदगुल्या झाल्या. काय टायमिंग होतं बाईचं. त्यांनी मेहुण्याने सांगितलेलं एकेक आठवून तिला सांगायला सुरुवात केली आणि ती एकेक बघू लागली. मोटर वर उचलून धरल्यावर दिसलं की खालच्या अर्ध्या भागाला नवाकोरा रंग दिलेला आहे, वरचा भाग मात्र तसाच जुना.

"रंग का दिलाय?" तिने विचारलं. "खाली काही गंजलंय का?"

"छे. हौसेने दिला."

"फक्त खाली?"

"खालून सुरुवात केली."

"पंख्याचा एक कोपरा तुटलाय."

"तेवढंच वजन कमी," छापखानेवाले म्हणाले.

मग चष्मेवाल्यांनी डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला आणि तिने खालचा एक स्क्रू सैल केला. तेल काळंभोर यायला हवं होतं. आलं ते दूध घातलेल्या चहासारखं. "दुधाळ आहे," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे आत पाणी शिरलंय."

"साहेब, बोटीची मोटर आहे," छापखानेवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाणी लागणारच."

प्रत्येक दोषागणिक चष्मेवाल्यांचा आनंद वाढत चालला, कारण प्रत्येक दोषागणिक भाव उतरणार होता. बायकोचा चेहरा मात्र उतरत चालला. ती प्रत्येक वेळी "नको" म्हणत होती आणि नवरा प्रत्येक वेळी तिच्याकडे कौतुकाने बघत होता. त्यातच तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिने नको म्हटलं की छापखानेवाले टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवत होते, आणि टोपी हलली की सिस्टर म्हणत होत्या, "अहो, देऊ नका ना. माझ्या वडिलांची आठवण आहे ती." एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा टोपी हलली तेव्हा ग्रंथपालबाईंनी सिस्टरांकडे बघितलं आणि सिस्टरांनी नजर चुकवली. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतातच.

तिने नवऱ्याचा शर्ट ओढून त्याला बाजूला घेतलं.

"अहो, ऐका. मला खरंच नको आहे."

"हे छान आहे," चष्मेवाले पुटपुटले. "'खरंच' आधी कधी वापरलं नव्हतंस."

"मी नाटक करत नाहीये."

"अगदी असंच. आवाज थोडा चढव."

"मनापासून सांगतेय. तुम्ही शब्द दिला होतात."

"डोळ्यांत पाणी आणता येईल का बघ," चष्मेवाले म्हणाले. आणि खरोखरच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं. ते बघून चष्मेवाल्यांना भरून आलं. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई एवढी मोठी कलावंत आहे याची आपल्याला कल्पना नव्हती, असं त्यांना वाटलं. त्यांनी हळूच डाव्या कानाची पाळी धरली.

ती उठून तडक निघाली. खुणेमुळे नव्हे, रागाने. धक्क्याच्या टोकाशी एक पत्र्याची शेड होती, तिच्यामागे जाऊन उभी राहिली. इकडे छापखानेवाल्यांनी टोपी काढली आणि या वेळी ती डोक्यावर न ठेवता काखेत धरली. त्याबरोबर "मी नाही इथे थांबत" म्हणून सिस्टरही निघाल्या आणि त्याच शेडमागे आल्या. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

"तुम्हालाही जायची खूण झाली वाटतं," सिस्टर म्हणाल्या.

"कान," ग्रंथपालबाई नाक पुसत म्हणाल्या. "तुमची?"

"टोपी."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींना हसू फुटलं. ते आवाज न करता हसायला लागत होतं, म्हणून जास्तच येत होतं.

"पण आज मी खरं बोलत होते हो," हसू ओसरल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मला ही बोट नकोय. पण आमच्याकडे ऐकतो कोण? मी नको म्हटलं की त्यांना वाटतं, घ्या."

"मीही खरंच बोलत होते," सिस्टर म्हणाल्या. " मला द्यायची नाहीये ती. सकाळी उठून मीच एक फेरी मारून आले, म्हणून कोमट लागली तुम्हाला. म्हटलं शेवटची फेरी."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, आज आवाज छान लागलाय." सिस्टरांनी सुस्कारा टाकला. "वॉर्डात मी नुसतं बघितलं तरी पेशंट गोळी गिळतो. घरात मी बोलले तर तालीम वाटते."

शेडच्या मागच्या भिंतीवर लाइफ जॅकेटं टांगलेली होती. सिस्टरांची नजर तिकडे गेली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"चालता चालता मोटर मधोमध बंद पडली, तर घेतील का तुमचे मिस्टर?"

"कोणी शहाणा घेणार नाही."

"मग पाडू या. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. तो बंद केला की टाकीत हवा जात नाही, आणि हवा गेली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही. मोटर थोडी चालते आणि मान टाकते. स्क्रू उघडला की पुन्हा ठणठणीत."

"मग पाडा की तुम्ही. मी कशाला?"

"मी एकटीने पाडली तर आमचे हे म्हणतील, मुद्दाम पाडली. गिऱ्हाईक बसलेलं असताना पडली म्हणजे दोष मोटरचाच."

यात खोट काढायला जागा नव्हती. ग्रंथपालबाईंनी पाण्याकडे बघितलं, मग शेडच्या कडेने वाकून नवऱ्याकडे बघितलं. दोघे पुरुष किनाऱ्यावरच्या बाकाकडे निघाले होते, हात हलवत, खुशीत. जन्मभर हा विषय ऐकण्यापेक्षा एकदाच बसलेलं बरं, असा विचार करून त्यांनी जॅकेट चढवलं.

बाकावर दोघेही एकमेकांना आपापल्या बायकोबद्दल सांगत होते. "आमच्या हिचा स्वभाव जरा हट्टी," चष्मेवाले म्हणत होते. "आमच्या सिस्टरांचा तर विचारूच नका," छापखानेवाले म्हणत होते. दोघांनाही वाटत होतं की आपण समोरच्याच्या गळी आपलं नाटक छान उतरवतोय. तेवढ्यात मोटरचा आवाज आला. निळसर धूर सोडत बोट धक्क्यापासून सुटली होती. पुढे ग्रंथपालबाई लाकडासारख्या ताठ बसलेल्या आणि मागे मोटरचा दांडा धरून सिस्टर.

"हे कुठल्या खुणेत बसतं?" चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याकडे तर नाही," छापखानेवाले म्हणाले, आणि दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं. पण त्यावर बोलायला वेळ मिळाला नाही. बोट मधोमध पोचली, मोटर एकदा खोकली, दोनदा खोकली आणि बंद पडली. आवाज गेला तसा धूरही विरला, आणि बोट पाण्यावर हळूहळू आडवी वळू लागली.

चष्मेवाले उभे राहिले. "तिला पोहता येत नाही."

"जॅकेट घातलंय," छापखानेवाले म्हणाले, पण तेही उभे राहिले.

"अहो, ती मधेच उतरता येत नाही अशा कशात बसत नाही. मला म्हणत होती, खरंच नको, मनापासून नको. आणि मी तिला काय म्हणालो? डोळ्यांत पाणी आण म्हणालो." चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तोही भाजलेला, आणि कळवळून खाली बसले.

छापखानेवाल्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या सिस्टर सकाळपासून जेवल्या नाहीयेत," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, भूमिकेची तयारी चाललीय."

"ते राहू द्या. चालू कशी करायची ते ओरडून सांगा ना."

छापखानेवाल्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले. "दोरी ओढा!" ते ओरडले आणि हात खाली घेतले.

"पुढे?"

"दोरीच असते बहुतेक."

तिकडे बोटीत ग्रंथपालबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मोटर बंद पडल्यावर आपल्याला धडकी भरेल असं त्यांना वाटलं होतं. ती भरायची त्या वाट बघत राहिल्या. पण भरलीच नाही. बोट अगदी हळू डुलत होती आणि कसलाच आवाज नव्हता. वाचनालयातही शांतता असते, पण ती सांभाळावी लागते, कुणी कुजबुजलं की वर बघावं लागतं, कुणाची खुर्ची सरकली की मान वळवावी लागते. इथे शांतता सांभाळायचं काम कोणाकडेच नव्हतं. त्यांनी डोळे उघडले. चारही बाजूंना लांबवर दिसत होतं आणि किनाऱ्यावर दोन छोटे पुरुष हात हलवत होते. कोणी काही मागायला येऊ शकत नव्हतं. मधेच उतरता येत नाही तसं मधेच कोणाला चढताही येत नाही, हे त्यांच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"पुरे झालं," सिस्टर म्हणाल्या. "बघितलं त्यांनी. स्क्रू उघडू का?"

"मी उघडते," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्यांनी स्क्रू उघडला. सिस्टरांनी सांगितलं तसा पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. मग उभं न राहता, पाय रोवून, दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली आणि मोटर धडधडून सुरू झाली, मागच्या भोकातून मोटर गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धारही लागली. आयुष्यात एवढी जुनी, एवढी हट्टी वस्तू आपण पहिल्यांदाच बोलती केली, या आनंदाने त्या चक्क लाजल्या.

"दांडा धरा," सिस्टर म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते."

"हे बरं आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आमच्या घरासारखंच."

त्यांनी बोट लगेच किनाऱ्याकडे आणली नाही. आधी एक मोठा गोल फेरा मारला, मग उलट्या बाजूने दुसरा. प्रत्येक वेळी बोट वळली की चष्मेवाल्यांचा जीव वरखाली होत होता. बिचारीला परत येता येत नाहीये, असं ते छापखानेवाल्यांना सांगत होते.

बोट धक्क्याला लागली तेव्हा चष्मेवाले पुढे धावले आणि डाव्या हाताने त्यांनी बायकोला वर घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला कळलं सगळं," ते म्हणाले. "नको तर नको. विषय संपला. मी यांना सांगून टाकतो."

"थांबा," बायको म्हणाली. "मला हवी आहे."

"तू माझ्यासाठी म्हणतेस."

"नाही हो. मला स्वतःला हवी आहे. मी चालवली ती."

"तुझं मन किती मोठं आहे ते मला आज कळलं," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. "पण मी आता तुझं ऐकणार नाही. नाही म्हणजे नाही."

"अहो, पण मी खरं सांगतेय."

"मघाशीही तू खरंच सांगत होतीस. तेव्हा नाही ऐकलं, ही माझी चूक झाली."

इतकी वर्षं तिचं नको कोणी खरं मानलं नव्हतं आणि आज हवंही मानायला कोणी तयार नव्हतं. पलीकडे निराळाच घोळ चालला होता. छापखानेवाले टोपी हातात धरून सिस्टरांना सांगत होते, "नाही विकायची. ठरलं माझं. तुमच्या वडिलांची आठवण आहे."

"भाव अजून चढवायचाय का?" सिस्टरांनी हळूच विचारलं. "मग आधी खूण ठरवा. असं मधेच नवीन काढलंत तर मी काय बोलू?"

"खूण नाही हो. मनापासून सांगतोय."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे मी आता 'देऊन टाका' म्हणायचं का?"

मग सिस्टरांचं लक्ष ग्रंथपालबाईंच्या चेहऱ्याकडे गेलं. "आणि तुम्ही काय म्हणालात मघाशी? हवी आहे? आपलं ठरलं काय होतं?"

"ठरलं होतं ते माहीत आहे मला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पण आवडली. त्याला मी काय करू?"

"मला ठेवायची आहे ती."

"मला चालवायची आहे."

सिस्टरांनी मोटरकडे बघितलं, तिच्या तुटक्या पंख्याकडे, अर्ध्या रंगाकडे. "आत पाणी शिरतं, सील बदलावं लागेल," त्या म्हणाल्या. "पंखाही नवा लागेल. एकटीने मला होत नव्हतंच."

"पंखा मी घेते. सील तुम्ही बघा."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. लवकर."

एवढ्यावर व्यवहार पुरा झाला. कान नाही, टोपी नाही, नाक मुरडणं नाही. बाजूला उभे असलेले दोन्ही पुरुष त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या दोघांना कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी चष्मेवाले सगळ्यांच्या आधी तयार झाले. निम्मी का होईना, बोट आपली झाली होती. पण धक्क्यावर पोचल्यावर सिस्टरांनी त्यांच्या हाताचं बँडेज सोडलं, तळवा उजेडात धरून बघितला आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "पाणी लागू द्यायचं नाही. हे भरेपर्यंत काठावर." त्यापुढे बोलायची हिंमत कोणाचीच नव्हती. बायको आधीच बोटीत बसली होती, दोरी ओढत होती. दुसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली आणि दोघी निघाल्या.

चष्मेवाले बाकावर येऊन बसले. छापखानेवाले तिथे आधीच टेकले होते, शेजारी थर्मास ठेवून. बोट लांब जाईपर्यंत दोघे बघत राहिले. वाईट वाटत होतं, पण तसं फार नाही, कारण त्या तिथे मधोमध जी बाई हात वर करून हलवत होती ती आपली होती, आणि ती हसत होती हे इथूनही दिसत होतं.

"तुमची मजा होती बुवा," चष्मेवाले म्हणाले. "इतकी वर्षं चालवलीत. माझं मेलं नशीबच असं."

छापखानेवाल्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी कुठली चालवतो? मला नाही येत. लग्नानंतर एकदा हातात घेतली, ती सरळ धक्क्यावर नेऊन आदळली. पंख्याचा कोपरा गेला तो तेव्हाच. तेव्हापासून मी इथे बसतो."

"इथे? दर रविवारी?"

"दर रविवारी."

"मग विकायला कशाला काढली होतीत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"एकट्याने किती वर्षं बसायचं हो?" छापखानेवाले म्हणाले. "मला वाटलं, बोट गेली की निदान सुट्टीच्या दिवशी सिस्टर घरी असतील. दोन शब्द बोलायला माणूस मिळेल." त्यांनी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला आणि कप चष्मेवाल्यांच्या चांगल्या हातात दिला. "पण आता तशी गरज राहिली नाही."

"का?"

छापखानेवाले जरा सरकून बसले आणि त्यांनी बाकावर ऐसपैस जागा करून दिली.

"तुम्ही आलात ना," ते म्हणाले.